दीर्घिकेचा शेजार



पगार-बोनसावर बोलणाऱ्या आम्हांला चालकांनी आज आकाशावर बोलायला उभे केले आहे. आमची शाळा कारखान्याच्या दारातली, तेव्हा दाखले तिथलेच देऊ.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे गाव. आपली आकाशगंगा हे तसेच एक गाव. काही गावे झगझगीत, काही मिणमिणती. हा फरक जन्माचा की शेजाराचा?

शेजारी किर्लोस्करवाडी असल्यामुळे फौंड्रीची भट्टी इथे कोणाला समजावून सांगायला नको. भट्टीला कोक लागतो, दीर्घिकेला थंड हायड्रोजन. तो गोळा होऊन नवे तारे पेटतात. त्यांतले सर्वांत तेजस्वी ते अल्पायुषी. वायू संपला की जुने तांबूस तारे तेवढे उरतात. नारायणगावाजवळ खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्यावर पुण्याच्या संशोधकांनी 7,653 दीर्घिकांचे संकेत एकत्र करून सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीचा हा साठा मोजला व 2020 साली जाहीर केला. साठा निघाला एक-दोन अब्ज वर्षे पुरेल एवढाच! बाहेरून भर पडली नाही तर भट्टी थंडावणार. म्हणजे शेजार आलाच.

आता दाट वस्ती पाहा. 2017 साली पुण्याच्या 'आयुका'तील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मीन राशीच्या दिशेला, चार अब्ज प्रकाशवर्षांवर, दीर्घिका-समूहांचा एक महासमूह शोधला. त्याचे नाव 'सरस्वती'. विस्तार साठ कोटी प्रकाशवर्षे. अशा समूहांत दीर्घिकांमधली जागा मोकळी नसते. कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू तिथे भरलेला असतो. नवी दीर्घिका वेगाने आत शिरली की हा वारा तिचा थंड वायू ओरबाडून नेतो. एस.टी.च्या खिडकीतून डोके काढले की टोपी जाते ना, तसे.

पण त्याच गर्दीच्या मधोमध बसलेल्यांचे निराळे. कन्या राशीतल्या समूहात एम-87 ही दीर्घिका शेजाऱ्यांना गिळून अवाढव्य झाली. तिचे तेज मोठे, पण बहुतेक जुन्या ताऱ्यांचे.

सारे परिस्थितीच घडवते, हे आम्हां चळवळीतल्या माणसांना ऐकायला गोड लागते. आकाश तशी सरसकट साक्ष देत नाही. 2010 साली हजारो दीर्घिकांच्या मोजणीतून वस्तुमानाचा परिणाम वेगळा व शेजाराचा वेगळा काढता आला. जड दीर्घिका एकटी असली तरी विझते. लहान दीर्घिका विझली, तर तिथे बहुधा शेजाराचा हात असतो. तिचा वायू एकदम लुटला जातो, की बाहेरचा पुरवठा तुटून सावकाश उपासमार होते, हा वाद अजून चालू आहे. 2015 साली विझलेल्या दीर्घिकांच्या ताऱ्यांतील धातूंचे प्रमाण तपासले गेले. ते जास्त भरले, म्हणजे उरलासुरला वायू बराच काळ वापरात होता. त्या हिशेबाने उपासमार सुमारे चार अब्ज वर्षे चालते.