जुन्या जीपमध्ये रात्रीच्या मुक्कामाची सोय

(वाटूर, जि. जालना येथे शेतकऱ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाटूर फाट्यावर उभे राहिले की जालना, मंठा आणि परतूर या तिन्ही अंगांनी येणारी वाहने दिसतात. त्यात अजूनही एखादी जुनी जीप असते. एके काळी या जीपमध्ये आत, मागे आणि टपावर मिळून वीस माणसे बसत. आता ती कोणाच्या तरी गोठ्याशेजारी उभी असते. बैलगाडी मोडली तर चाके तरी कामास येतात, पण या जीपचे काय करावे हे मालकास सुचत नाही. भंगारवाला वजनावर भाव सांगतो आणि मालक मुकाट्याने ऐकून घेतो.

माझी जीपही अशीच उभी होती. गेली काही वर्षे मी तिचा उपयोग शेतावर रात्री मुक्काम करण्यासाठी करतो. त्यात काय साधले आणि कोठे चुकलो, तेवढे आज सांगणार आहे. शहरातील हौशी मंडळी गाडीत झोपण्याला सहल समजतात. राज्य शासनाने 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. आपली गरज निराळी आहे. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की बारे द्यायला रात्रीच जावे लागते. मोसंबी उतरणीला आली की राखण आली. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरे शिरतात. माल घेऊन खरेदी केंद्रावर गेलो तर रांगेत रात्र काढावी लागते ती वेगळीच. या सर्व रात्री आपण धुऱ्यावर, खळ्यात नाहीतर मोटारीच्या खोलीत जमिनीवर गोधडी टाकून काढतो.

जमिनीवर झोपणे हाच खरा धोका आहे. मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही. पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि घरची मंडळी अपचन समजून ओवा देतात. असे वाटले तर चिरा देणे, आवळून बांधणे यांत वेळ न घालवता 108 क्रमांकाला फोन करून सरळ रुग्णालय गाठावे. विंचवाचेही तेच. विंचूदंशावरील उपचारात ज्यांनी जगाला वाट दाखवली ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्याच जालना जिल्ह्यातील देहेड गावचे. त्यांचे काम मात्र कोकणात, महाडकडे झाले. त्यांच्यामुळे विंचूदंशाचे पुष्कळ रुग्ण आज वाचतात. पण दंशच होऊ नये ही व्यवस्था आपल्या हातात आहे. जीपमध्ये अंथरूण जमिनीपासून अडीच-तीन फूट उंच राहते. त्यावर मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. गोधडीचा पदर फाळक्यावरून खाली लोंबू देऊ नये, नाहीतर आपणच शिडी लावून दिल्यासारखे होते.

आता बांधणी. प्रथम सांगतो की जीप कापू नका. गॅरेजवाला म्हणेल, मागचा भाग कापू, पत्र्याची खोली चढवू. ऐकू नका. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे दर 5 वर्षांनी गाडी तपासून नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी कापलेली गाडी अडते. शिवाय दिवसा त्याच जीपमध्ये आपल्याला खताच्या गोण्या आणि कडबा आणावयाचा असतो. म्हणून झोपण्याची व्यवस्था सुटी हवी. दोन माणसांनी दहा मिनिटांत काढून भिंतीला टेकवून ठेवता आली पाहिजे.

जीपमध्ये मागे समोरासमोर दोन बाकडी असतात. त्यांच्याच उंचीवर आडव्या फळ्या टाकावयाच्या, एवढीच कल्पना आहे. बारा मिलिमीटर जाडीच्या, पाण्यात न फुगणाऱ्या प्लायवूडच्या दोन-दोन फूट रुंदीच्या तीन फळ्या केल्या की सहा फूट लांबी भरते. खालून पाऊण इंची चौकोनी पाइपच्या पट्ट्या लावाव्यात, म्हणजे मधे झोळ पडत नाही. पहिल्या दोन फळ्या बाकड्यांवर टेकतात. आखूड जीपमध्ये तिसरी फळी फाळक्याच्या बाहेर येते. ती दुसरीला बिजागरीने जोडावी आणि तिला जमिनीपर्यंत पोहोचणारे दोन पाय द्यावेत. पाय एकात एक सरकणाऱ्या पाइपचे करून त्यांना भोके आणि खिळी ठेवली, तर उंचसखल जागेवरही पलंग सपाट राहतो. फाळका साखळ्यांवर लोंबत असतो. त्या साखळ्यांवर माणसाचा भार टाकू नये. कमांडरसारख्या लांब जीपमध्ये या तिसऱ्या फळीचे काम बरेच कमी होते. तरी माप मात्र माझ्या सांगण्यावरून घेऊ नका, फीत घेऊन आपल्या गाडीत स्वतः आडवे होऊन पाहा. माझ्या पहिल्या फळ्या चार बोटे आखूड झाल्या, कारण मी माप सुताराला तोंडी सांगितले होते.

फळ्या, पाय आणि पट्ट्या मिळून वजन युरियाच्या एका गोणीपेक्षा कमी भरते. वजन असे खालीच राहू द्यावे. टपावर लोखंडी जाळी, तिच्यावर पाण्याची टाकी असली हौस करू नये. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोन क्विंटल, आणि ते डोक्यावर. चाकोरीतून तिरपी जाणारी जीप अशा वजनाने कलंडते. पाण्याचे दोन कॅन फळ्यांखाली ठेवावेत.

आता माझी चूक सांगतो. डिसेंबरची रात्र होती, थंडी कडक. गव्हाला पाणी देण्यासाठी आम्ही दोघे शेतावर होतो. मी टपाची ताडपत्री चोहोबाजूंनी घट्ट बांधली आणि घमेल्यात बाभळीचे निखारे घेऊन जीपमध्ये ठेवले. धूर नव्हता, ऊब छान आली, झोप लागली. रात्री दोनच्या सुमारास वीज आली. सोबतचा माणूस मोटारीच्या खोलीत होता, तो मला हाक मारायला आला. मी ओ देईना. त्याने ताडपत्री वर करून मला पाय धरून ओढले तेव्हा मी जागा झालो. डोके फुटेल असे दुखत होते, उभे राहवेना, ओकारी झाली. त्या रात्री वीज सकाळी येणार असती तर आज आपल्यासमोर बोलायला मी नसतो.

निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपट अधिक जोराने चिकटतो. माणूस गुदमरून धडपडत नाही, गाढ झोपतच जातो. धूर दिसत नाही म्हणजे हवा चांगली आहे, हा आपला समज येथे घात करतो. म्हणून शेगडी, घमेले, स्टोव्ह, कंदील, यांतले काहीही झोपण्याच्या जागेत पेटते ठेवू नये. पंखा चालावा म्हणून इंजिन चालू ठेवून झोपू नये. जुन्या जीपचा धुराडा कोठे ना कोठे फुटलेला असतोच. गॅसची छोटी टाकीही आत नको. तो वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर जीपच्या तळाशी साचतो. स्वयंपाक बाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला करावा. थंडी असेल तर एक घोंगडे जास्त घ्यावे. ताडपत्रीला समोरासमोर दोन खिडक्या ठेवाव्यात, एक खाली आणि एक वर, वहीच्या पानाहून मोठ्या. त्यांना डासांची जाळी शिवून घ्यावी आणि त्या थंडीतही बंद करू नयेत. याने पहाटे टपाच्या आतून जे पाणी ठिबकते तेही कमी होते.

दुसरी गोष्ट औषधांची. ज्या जीपमधून कीटकनाशके आणि तणनाशके नेता, तीत झोपणार असाल तर डबे त्या गाडीत नेणे बंद करा. यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले ते आपण विसरलो नाही. सांडलेले औषध बाकड्याच्या रेक्झिनमध्ये मुरते. पूर्वी सांडले असेल तर रेक्झिन बदला आणि पत्रा साबणाच्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. फवारणी पंपाची बॅटरी काढून दिव्याला लावण्याची युक्ती काही जण करतात. ती बॅटरीही औषधाने माखलेली असते, ती उशाशी घेऊ नये.

विजेचा हिशेब सोपा आहे. पंधरा वॉटचा पंखा आठ तास, पाच वॉटचा दिवा तीन तास, शिवाय मोबाइल, असे धरले तर रात्रीला सुमारे दीडशे वॉट-तास लागतात. बारा व्होल्टला तो साडेबारा अँपिअर-तास होतो. जीपची बॅटरी कागदावर एवढे सहज देते. पण जुनी बॅटरी आणि थंडीत गार पडलेले डिझेल इंजिन यांची गाठ सकाळी पडते, तेव्हा धक्का मारायला शेतात माणसे नसतात. वेगळी लहान बॅटरी आणि चाळीस वॉटचे सौर पॅनेल घ्यावे. बॅटरीजवळच फ्यूज बसवावा.

चारही चाकांना जोर देणाऱ्या दांड्याबद्दल थोडे. तो काळ्या रानात, चिखलात आणि वाळूत वापरावा. डांबरी सडकेवर लावून चालवू नये. जुन्या जीपमध्ये पुढच्या-मागच्या धुऱ्यांच्या फेऱ्यांतला फरक सोसणारी व्यवस्था नसते, त्यामुळे वळणावर दात आणि शाफ्टवर ताण येतो. आणि हा दांडा आहे म्हणून काळ्या जमिनीत कोठेही मुक्काम करू नये. आभाळ असेल तर जीप मुरमावर, तोंड रस्त्याकडे करून उभी करावी. दुधनेच्या पात्रात, ओढ्यात तर नाहीच. विजा चमकू लागल्या तर कापडी टपाची जीप आसरा देत नाही, पक्के घर गाठावे.

ज्यांच्याकडे जीप नाही आणि ज्यांना जुनी घ्यावयाची आहे, त्यांनी नोंदणी पुस्तक हातात घेऊन इंजिन आणि चेसिसचे क्रमांक स्वतः ताडून पाहावेत. पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे, कधी तर ट्रॅक्टरच्या जातीचे बसवलेल्या पुष्कळ जीपगाड्या आपल्याकडे आहेत. पुस्तकात तो बदल नसेल तर गाडी कितीही स्वस्त असो, सोडून द्यावी. सरकारी लिलावातली जीप म्हणून कोणी भुलवले तर लक्षात ठेवा, 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांपुढील सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. त्या भंगारातच जातात. मागच्या पाट्यांच्या कानांजवळ चेसिसला तडा आहे का, हे गाडीखाली शिरून पाहावे. रंग नवा असेल तर अधिक बारकाईने पाहावे.

माझी जीप बाहेर भिंतीच्या सावलीला उभी आहे. फळ्या आतच आहेत. दोघांनी पुढे यावे, म्हणजे काढून आणि परत बसवून दाखवतो.