एक अँटेना, दोन वाटा

(हीरक महोत्सवी समारंभातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



महाराष्ट्रापासून दूर असलेल्या या शहरात मराठी शाळा साठ वर्षे चालली, याचा आनंद आपण आज साजरा करीत आहोत. या प्रसंगी मला एक कबुली द्यायची आहे. पंचवीस वर्षांपूर्वी सातवीतील एका हुशार मुलीच्या वडिलांना मी म्हणाले होते, "हिला विज्ञानाची गोडी आहे, हिला इंग्रजी शाळेत घाला. इथे तिचे नुकसान होईल." त्यांनी माझे ऐकले नाही. ती दहावीपर्यंत इथेच शिकली. आज ती बिनतारी उपकरणांतील अँटेना-स्विचची रचना करते. गेल्या महिन्यात तिने आमच्या नववीच्या वर्गावर एक तास घेतला. मराठी घेऊन एम. ए. झालेली मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते, आणि मलाही ते समजले.

तिने फळ्यावर रेल्वेचा सांधा काढला. "मोबाइलला बोलायचेही असते आणि ऐकायचेही. दोहोंसाठी अँटेना मात्र एकच. प्रेषक आणि ग्राहक हे दोन रूळ. त्यांना आळीपाळीने अँटेनाशी जोडणारा सांधा म्हणजे हा स्विच." जीएसएम फोनवर आपण बोलत असतो तेव्हा हा सांधा सेकंदाला सुमारे २१७ वेळा बदलतो आणि तितक्याच वेळा परत येतो.

तो नीट बसला नाही तर? अशा फोनची प्रक्षेपणाच्या क्षणीची शक्ती २ वॅटपर्यंत जाते. त्याच फोनला ऐकू यावा लागणारा क्षीण संदेश मात्र एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाहूनही लहान असू शकतो. कुजबूज टिपणाऱ्या कानाशेजारी तोफ उडावी, तसा हा प्रकार. म्हणून बंद वाट घट्ट बंद हवी. उघडी वाटही पुरती मोकळी हवी. कारण स्विचमध्ये अर्धा डेसिबल गमावला, तरी सुमारे ११ टक्के शक्ती वाटेतच जाते आणि तिचा भार बॅटरीवर पडतो.

"मग ट्रान्झिस्टर मोठा घ्या की!" एक मुलगा म्हणाला. ती हसली. "आमची खरी कसोटी तिथेच आहे." ट्रान्झिस्टरची रुंदी दुप्पट केली की चालू स्थितीतला रोध निम्मा होतो, पण बंद स्थितीतली धारिता दुप्पट होते आणि उच्च वारंवारतेच्या लहरी तिच्यातून झिरपतात. दार रुंद केले की त्याची फटही वाढते. या दोहोंचा गुणाकार निर्मितीतंत्रानेच जवळजवळ ठरलेला असतो. म्हणून बंद वाटेवर आणखी एक ट्रान्झिस्टर बसवून झिरपलेली शक्ती जमिनीकडे वळवतात. शिवाय ५० ओहमच्या वाटेवर २ वॅट शक्ती म्हणजे सुमारे १४ व्होल्टचे शिखर. एक छोटा ट्रान्झिस्टर दोन-तीन व्होल्टच सोसतो. मग अनेक ट्रान्झिस्टर एकापुढे एक जोडून ते ओझे वाटून द्यायचे. मात्र प्रत्येकाचा रोध त्यात मिळत जातो. एक गाठ सोडवावी, तर दुसरी घट्ट होते.

तासानंतर मी तिला विचारले, "पुढे इंग्रजीचा त्रास झाला का ग?" ती म्हणाली, "झाला, बाई. पहिले वर्ष फार कठीण गेले. पण मला शब्दच नवे होते. रोध म्हणजे काय, वारंवारता म्हणजे काय, हे मी इथूनच समजून गेले होते."

आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात विद्युतचुंबकीय लहरींनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. या संशोधकाचे प्रारंभीचे शिक्षण बंगाली पाठशाळेत झाले होते. मातृभाषेने त्यांची वाट अडवली नाही.

पालकहो, पाचवीपासून विज्ञान इंग्रजीतून शिकवावे, अशी मागणी आपल्यापैकी काहींनी केली आहे. तिच्यामागची काळजी मी समजू शकते. एके काळी ती माझीही होती. आज माझे मत असे आहे की, पारिभाषिक शब्द आपण दोन्ही भाषांत शिकवू, त्यासाठी वेगळा तास ठेवू, पण समजावून सांगू ते मराठीतच. पहिल्या वर्षाचा तो त्रास कमी करणे, हे आता शाळेचे काम आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, देणगी तुम्ही देताच. आता वर्षातून एक तासही द्या. जे काम तुम्ही रोज इंग्रजीत करता, ते आमच्या मुलांना मराठीत सांगा.

आणि त्या मुलीच्या वडिलांचे मी आज जाहीर आभार मानते. तो सल्ला मी पुन्हा कोणाला देणार नाही.