शांतता कुणाची?

(पिंपळे सौदागर येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



‘शांतता आणि अहिंसा शिकायला विद्यापीठात कशाला जायला हवं? ती आई घरीच शिकवते,’ असं मघाशी एकजण म्हणाली. आपण हसलो. पण आई नेमकं काय शिकवते? गप्प बस, शब्दाने शब्द वाढवू नको. घराची शांतता राखायची ती बाईनेच. म्हणून तर हा विषय अभ्यासाचा आहे.

वर्ध्याच्या महात्मा गांधी हिंदी विद्यापीठात शांती अध्ययनाचा विभाग आहे. या विषयात योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या अभ्यासकाचं नाव लवकरच भेटतं. मारहाण तेवढीच हिंसा नव्हे, असं त्याने १९६९ साली मांडलं. जी व्यवस्था माणसाला अर्धपोटी ठेवते, लवकर मारते, तीही हिंसाच. फक्त मारणारा हात दिसत नाही. चाकणला ठेकेदाराकडे राबणारी, इथल्या सोसायट्यांत चार घरची धुणीभांडी करणारी बाई आपल्याला माहीत आहे. तिला हे पुस्तकातून कळायची गरज नाही. पण तिच्या हालाला ‘नशीब’ न म्हणता ‘हिंसा’ म्हणायचं, हे आपल्याला शिकावं लागतं.

या शिक्षणाचा उपयोग काय, तर मथुरा खटला आठवा. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस चौकीत १९७२ साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याचा हा खटला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिची संमतीच, असं धरून १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. गप्प राहिली म्हणून राजी होती! यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हे त्यांनी कायद्याच्याच भाषेत ठणकावलं. संघटना रस्त्यावर उतरल्या. १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तिचा शब्द गृहीत धरायचा. वर्गातला अभ्यास आणि मोर्चा, दोन्ही लागले.

पुढे १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या आवारातच स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. समाजकार्य शिकलेल्या कार्यकर्त्या तिथे बसू लागल्या.

आता आपल्या सल्ला केंद्रांकडे वळू. नवरा-बायकोला समोर बसवायचं, ‘यापुढे शांततेने नांदू’ असं लिहून घ्यायचं, रजिस्टरमध्ये ‘मिटले’ अशी नोंद करायची. काय मिटलं? खर्चाचे पैसे तिच्या हातात येतात का? घराबाहेर काढलं तर ती कुठे जाईल? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याने पैशाची अडवणूकही हिंसेत धरली आणि राहत्या घरावरचा तिचा हक्क मान्य केला. आपली तडजोडीची चिठ्ठी मात्र अजून जुनीच आहे.

समाजकार्याच्या विद्यार्थिनी प्रत्यक्ष कामासाठी आपल्याकडे येतात. त्यांना नुसतं सतरंज्या घालायला आणि अहवाल उतरवायला लावू नका. गेल्या दोन वर्षांतल्या ‘मिटले’ नोंदींची यादी त्यांच्या हाती द्या आणि त्यातल्या प्रत्येक बाईला, तिला सोयीचं असेल तिथे, एकटीला भेटायला पाठवा. पहिल्या दोन-तीन भेटींना आपल्यापैकी कुणीतरी जुनी कार्यकर्ती सोबत जावी. कोण जाईल, हे आजच उठण्याआधी ठरवू या.