परिचारिका आणि रुग्ण : विश्वासाचे नाते

बोरी अरबसारख्या गावात दुखणाईत स्त्री प्रथम गाठते ती परिचारिकेला. परंतु गाठणे निराळे आणि मनातले सांगणे निराळे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. तशी तपासणी पूर्वी झाली होती अवघ्या ८ टक्क्यांची. बाकीच्या सोसत राहिल्या.

हे मौन फोडायचे तर परिचारिकेपाशी सवड हवी. सपाट प्रदेशात एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या, असे शासकीय प्रमाण आहे. लसीकरण, मातांची तपासणी, गृहभेटी, शिवाय नोंदवह्या! वहीत मान घातलेल्या बाईंना ‘अंगावरून जाते’ हे कोण सांगणार? अशा वेळी त्यांच्या स्वभावाला बोल लावणे अन्यायाचे होय.

ग्रामपंचायतीला येथे पुष्कळ करता येईल. तपासणीच्या जागी आडपडदा, पाण्याची सोय, परिचारिकेला राहण्यास सुरक्षित घर. गुरुजींनी नोंदींच्या कामात हात द्यावा. रुग्णाची खाजगी बाब मात्र परिचारिकेपाशीच राहावी. अधिकाऱ्यांनीही मासिक बैठकीत आकडे विचारून झाल्यावर, काम करताना अडते कोठे, हे तिला विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे.