कुंडीतला वृक्ष
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात इन्सुली येथे केलेले भाषण)



बोन्साय या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाने आम्हांस आज्ञा केली. कोकणच्या माणसापुढे झाडाविषयी बोलणे म्हणजे काशीत गंगोदक विकण्यासारखे आहे, हे आम्ही जाणतो. कलम कसे बांधावे, आळे कधी फोडावे, हे आपणांपैकी अनेकांस आमच्यापेक्षा अधिक अवगत आहे. परंतु महामार्ग चौपदरी होताना रस्त्याकाठचे जुने वृक्ष गेले. आपली मुले मुंबई-पुण्याच्या सदनिकांत राहतात, आणि तेथे परसू नाही, खळे नाही, तुळस तेवढी खिडकीच्या गजात उभी आहे. अशा घरी वृक्षाची सोबत कशी नेता येईल, एवढाच आजचा प्रश्न आहे.

‘बोन’ म्हणजे उथळ पात्र आणि ‘साय’ म्हणजे लावणी. ही विद्या चीनमधून जपानात गेली व तेथे ती परिपूर्णतेस पोहोचली. आपल्याकडेही ती आता नवखी राहिलेली नाही. 2018 साली पुण्यात बोन्सायचे आंतरराष्ट्रीय संमेलन भरले होते. तरी तिच्याविषयी एक आक्षेप घरोघरी ऐकू येतो. आमच्या पडवीतली पहिली कुंडी पाहून शेजारच्या वृद्ध काकींनी आम्हांस विचारले होते, “मेल्या, झाडाक उपाशी कित्याक ठेवतंस?” प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज आहे. बोन्साय उपासमारीने लहान राहत नाही. वेळोवेळी शेंडे खुडल्याने व मुळे छाटल्याने ते लहान राहते. उलट मूठभर मातीतले खत पाण्याबरोबर लवकर वाहून जाते, म्हणून त्यास जमिनीतल्या झाडापेक्षा अधिक वेळा जेवू घालावे लागते. उपाशी ठेवलेले झाड मरते. बोन्साय होत नाही.

आता आरंभाविषयी. बाजारात ‘बोन्साय’ अशी चिठ्ठी लावलेली, भरमसाट किमतीची झाडे मिळतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये. रानातले जुने खोड उपटून आणण्याचा मोहही आवरावा. रानातल्या झाडाची मुळे दूरवर गेलेली असतात, ती तुटली की बहुधा झाडही जाते आणि रानही उणे होते. कोणत्याही रोपवाटिकेत जावे आणि कोपऱ्यात पडलेले, पिशवी फाटून मूळ बाहेर आलेले, गिऱ्हाइकांनी नाकारलेले रोप शोधावे. नवरी पाहताना उंची पाहतात म्हणे. येथे ती पाहू नये. बुंधा पाहावा. बोटाने वरची माती उकरून खोड खाली रुंदावत मुळांत शिरते की काठीसारखे सरळ उतरते, हे पाहावे. खालच्या फांद्या शाबूत असाव्यात, पान लहान असावे. नांदरूक, वड, उंबर, पिंपळ ही एका कुळातली झाडे मोठी क्षमाशील असतात. बोगनवेल, कामिनी, चिंच आणि डाळिंबही चांगली. हापुसाचे कलम मात्र कोणी घेऊ नये. पान वीतभर लांब, आणि सांध्याची गाठ जन्मभर डोळ्यांत खुपते. पान छाटणीने थोडे लहान होते, फळ होत नाही, हेही ध्यानी ठेवावे; हातभर झाडाला लटकलेला चिकू हा विनोदच ठरतो.

आम्ही पहिले रोप घरी आणले त्याच दिवशी त्याच्या फांद्या कापल्या, मुळे कापली, तार गुंडाळली आणि ते दिवाणखान्यातल्या कपाटावर शोभेसाठी ठेवले. महिनाभरात त्याचे सरपण झाले. एका दिवशी एकच शस्त्रक्रिया, हा धडा आम्ही त्या झाडाच्या जिवावर शिकलो. प्रथम फांद्यांची निवड करून छाटणी करावी आणि झाडास नवी पालवी येऊ द्यावी. मुळांचे काम पुढच्या हंगामात करावे. वडाच्या कुळास मृगाच्या सरी पडल्यानंतरचे दिवस मानवतात. त्या वेळी मुळांचा सुमारे एक तृतीयांश भाग, विशेषतः खाली जाणारे जाड सोटमूळ, कापावे व आडवी बारीक मुळे राखावीत.

दुसरे झाड आम्ही मातीमुळे गमावले. परसातली तांबडी माती तशीच कुंडीत भरली. आषाढात तिचा चिखल झाला आणि मुळे कुजली. आपल्या पावसात पाणी धरणारी माती नको, सोडणारी हवी. जांभ्याचा किंवा विटेचा चाळलेला चुरा दोन भाग, जाड वाळू एक भाग आणि जुने शेणखत एक भाग, हे मिश्रण आम्हांस मानवले. चाळणीखाली पडलेली भुकटी टाकून द्यावी. तीच छिद्रे बुजवते. कुंडीच्या भोकांवर जाळी ठेवावी व झाड तारेने कुंडीस बांधावे, कारण हलणारे मूळ धरत नाही. पागोळीखाली मात्र कुंडी ठेवू नये.

फांदीस वळण देण्यास अॅल्युमिनियमची तार वापरावी. पावसाळ्यात नांदरुकाची फांदी इतकी झपाट्याने जाड होते की तार रुतून कायमचे वण उठतात, म्हणून दर आठवड्यास पाहून ती वेळीच कापून काढावी. झाड घरात ठेवू नये. त्यास ऊन हवे. वटपौर्णिमेस तोडलेली फांदी विकत आणण्यापेक्षा गच्चीवरल्या कुंडीतला वड पुजणे आम्हांस अधिक शास्त्रशुद्ध वाटते, पण हा अधिकार घरच्या भगिनींचा आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. ज्यांची गावची घरे चतुर्थी व शिमगा सोडून कुलूपबंद असतात, त्यांनी तेथे बोन्साय ठेवू नये. चैत्र-वैशाखात एक दिवस पाणी चुकले तरी उथळ कुंडीतले झाड सुकते. त्यास रोज कोणीतरी घरी असावे लागते, आणि पुढे आपल्यामागे कोणी असावे लागते. जपानमधील हिरोशिमाच्या यामाकी घराण्याने एक पांढरा पाइन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला होता. त्याची जोपासना 1625 पासून चालत आली असे मानतात. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबाँब पडला तेव्हा रोपवाटिकेच्या भिंतीआड तो वाचला. 1976 साली मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेस भेट दिला, आणि आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. देताना त्यांनी बाँबचा उच्चारही केला नव्हता. 2001 मध्ये त्यांचे नातू झाड पाहावयास गेले, तेव्हा तेथील लोकांस ती हकीकत कळली.

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा जुन्या विहिरीचा कठडा पाडावयाचा ठरला. त्याच्या फटीत वितीएवढा वड उगवला होता. तो आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून मुंबईस नेला. विहीर आता आमच्या वाट्यास नाही, वड आहे. आम्ही गावी येतो तेव्हा त्यास पाणी घालण्याचे काम नातीकडे असते, आणि आज सकाळी तिने ते घातल्याचे दूरध्वनीवरून न विचारता कळविले.

भोजनास अजून अवकाश आहे. बाहेर मांडवात आम्ही नांदरुकाची पाच रोपे, कात्री आणि चाळलेला चुरा ठेवला आहे. ज्यांस हात मातीत घालावयाचा असेल त्यांनी तेथे यावे, मुलांनी प्रथम.