जाहिरातीचा पाठलाग आणि आपले शिकवणी वर्ग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



व्यवसाय-मार्गदर्शन समितीने आम्हांस या व्यासपीठावरून बोलण्याची आज्ञा केली, त्याबद्दल आम्ही समितीचे ऋणी आहोत. विषय मात्र समितीने मोठा अडचणीचा नेमून दिला आहे. आपल्या ज्ञातीत शिकवणी वर्ग चालविणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि त्यांहून कितीतरी अधिक कुटुंबे आपली मुले अशा वर्गांत पाठवितात. म्हणजे या सभागृहात दुकानदारही बसला आहे आणि गिऱ्हाईकही बसले आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते एकमेकांचे सोयरे आहेत. अशा सभेत जाहिरातीविषयी बोलणे म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांचेही वकीलपत्र एकाच दिवशी घेण्यासारखे आहे. आम्ही स्वतः वर्ग चालवितो, तेव्हा आमचे पारडे कोणीकडे झुकण्याचा संभव आहे हे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे.

पूर्वी वर्गाची जाहिरात म्हणजे जून महिन्यात वाटलेली हस्तपत्रके, रिक्षाच्या पाठीवर लावलेला फलक, आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापलेली गुणवंतांची छायाचित्रे. हस्तपत्रक कोणी वाचले आणि कोणी त्यात भजी बांधून नेली, हे वाटणाऱ्यास कधी कळत नसे. आज ज्यास रिटार्गेटिंग म्हणतात, त्या जाहिरातीत नेमके हेच कळते. ज्याने एकदा आपल्या दारात डोकावून पाहिले, त्यालाच पुन्हा हाक मारावयाची, असा हा प्रकार आहे.

त्याची घडण अशी. वर्गाच्या संकेतस्थळावर मेटा कंपनीचा एक लहानसा संगणकीय तुकडा बसविलेला असतो. त्यास पिक्सेल म्हणतात. एखादी माउली रात्रीची कामे आवरल्यावर मोबाइलवर आपल्या वर्गाच्या शुल्काचे पान उघडते. तो तुकडा ही गोष्ट मेटाला कळवितो, आणि मेटा शक्य तेथे या भेटीची सांगड त्या बाईंच्या फेसबुक किंवा इन्स्टाग्राम खात्याशी घालते. दोन दिवसांनी त्या आपल्या भाचीच्या लग्नाची छायाचित्रे पाहात असता मध्येच आपल्या वर्गाची जाहिरात पुढे येते. वर्गचालकास त्या बाईंचे नाव कळत नाही. त्यास कळतो तो फक्त आकडा. संकेतस्थळावर येऊन गेलेल्यांस या यादीत जास्तीत जास्त १८० दिवस ठेवता येते, आणि इन्स्टाग्रामवर आपली चित्रफीत पाहणाऱ्यांस ३६५ दिवसांपर्यंत. गूगलने अशीच सोय २०१० सालापासून उपलब्ध केली. पुढे एप्रिल २०२१ पासून अ‍ॅपलने असा नियम केला की, आयफोनवरील अ‍ॅपला असा माग काढावयाचा असेल तर त्याने आधी मालकाची परवानगी विचारली पाहिजे. नाही म्हणणारा माणूस बहुतांशी यादीतून निसटतो. म्हणून पाचशे माणसे येऊन गेली तर यादीत पाचशे नावे असतील, असा हिशेब कोणी धरू नये.

यापुढची गोष्ट आपल्या वर्गचालक बंधूंपैकी अनेकांस ठाऊक नसते, आणि ती मोठ्या महत्त्वाची आहे. मेटाने २०२१ साली असे जाहीर केले की, अठरा वर्षांखालील मुलांस त्यांच्या आवडीनिवडींवरून किंवा इतर संकेतस्थळांवरील वावरावरून हेरून जाहिरात दाखविता येणार नाही. म्हणजे दहावीचा किंवा बारावीचा जो विद्यार्थी तुमचे पान पाहून गेला, त्याने खात्यावर आपले खरे वय लिहिले असेल तर त्याच्यामागे ही जाहिरात जात नाही; ती जाते त्याच्या आईवडिलांच्या मागे. आमच्या मते हे इष्टच झाले. शुल्क भरणारा, बसचा वेळ पाहणारा आणि रात्री साडेनऊला मुलीस वर्गाच्या फाटकाशी आणावयास जाणारा पालकच असतो, तेव्हा बोलावयाचे तर त्याच्याशीच बोलावे. तरीही कित्येक वर्ग आपल्या जाहिराती मुलांच्या भाषेत, थट्टेच्या चित्रांनी भरून काढतात, आणि त्या पाहतात कोण, तर पंचेचाळीस वर्षांचे काका.

आता पैशांचा विचार करू. समजा, तालुक्याच्या गावी एक वर्ग आहे आणि एप्रिल-मे महिन्यांत तीनशे माणसांनी त्याचे संकेतस्थळ पाहिले. त्यांतून निसटलेले, वर्गातलेच जुने विद्यार्थी, शेजारच्या वर्गाचे चौकस चालक अशी माणसे वजा केली आणि दीडशे उरली असे धरू. या दीडशेंवर कोणी रोज पाचशे रुपये खर्च करू लागला, तर तीच जाहिरात त्याच माणसांस दिवसातून अनेकदा दिसणार. खर्चाच्या तक्त्यात ‘फ्रीक्वेन्सी’ नावाचा एक रकाना असतो. एका माणसास जाहिरात सरासरी किती वेळा दिसली, हे त्यात कळते. आमचा दंडक असा आहे की, आठवड्यात हा आकडा तीन-चारच्या वर गेला की खर्चाला कात्री लावावयाची. लहान वर्गास या कामी फार थोडे पैसे लागतात. अधिक लागत असतील तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. शिवाय या जाहिरातीने नवा माणूस एकही येत नाही. जे आधी आले, त्यांनाच ती बोलाविते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आड भरावयाचा तो चांगल्या शिकविण्याने, जुन्या पालकांच्या शिफारशीने, आणि मोफत ठेवलेल्या दोन-चार चांगल्या पाठांच्या चित्रफितींनी.

जाहिरातीच्या यशाचे जे आकडे कंपनी दाखविते, तेही सावधपणे वाचावेत. नेहमीच्या मांडणीत, जाहिरातीवर बोट ठेवल्यापासून सात दिवसांत, किंवा ती नुसती दिसल्यापासून एका दिवसात कोणी चौकशीचा अर्ज भरला, तर त्याचे श्रेय जाहिरातीच्या खाती जमा होते. परंतु ज्या गृहस्थांनी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून प्रवेशाचे ठरवूनच टाकले होते, त्यांनाही त्या संध्याकाळी जाहिरात दिसलेली असू शकते. म्हणून प्रवेशाच्या टेबलाशी एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येकास विचारावे, ‘आमच्या वर्गाची माहिती आपणांस कोठून मिळाली?’ ही वही आणि कंपनीचा तक्ता शेजारी ठेवून पाहिले म्हणजे पुष्कळ भ्रम दूर होतो. हंगामाच्या मध्ये पंधरवडाभर जाहिरात बंद ठेवून चौकशा किती घटतात हे पाहण्याचे धैर्य ज्यास आहे, त्याने तेही करावे.

मुदतीविषयी थोडेसे. १८० दिवसांची सवलत आहे म्हणून ती सारी वापरलीच पाहिजे असे नाही. नोव्हेंबरात सहज डोकावून गेलेल्या पालकास मे महिन्यात हाक मारणे व्यर्थ होय. त्याने निर्णय केव्हाच केलेला असतो. दहावीची परीक्षा संपल्यापासून अकरावीचे प्रवेश होईपर्यंतच्या काळात तीस दिवसांची यादी पुरेशी होते.

आणि ज्याने प्रवेश घेतला, त्याचे नाव त्याच दिवशी यादीतून वगळावे. तशी सोय आहे, पण ती करण्याचा आळस होतो. आमच्या पाहण्यातील एका कुटुंबाने एप्रिलमध्ये एका वर्गाचे सारे शुल्क एकरकमी भरले, आणि जूनमध्ये त्याच वर्गाची, त्याच अभ्यासक्रमाची, सवलतीच्या शुल्काची जाहिरात त्यांच्या मागे लागली. ते गृहस्थ भांडले नाहीत. त्यांनी धाकट्याला मात्र दुसऱ्या वर्गात घातले.

याहून नाजूक गोष्ट पुढे आहे. आपल्या अनेक घरांत एकच मोबाइल आई आणि मुलगा दोघे वापरतात. नीटचा निकाल लागतो, गुण कमी पडतात, आई कोणास न सांगता रात्री पुन्हा परीक्षेस बसणाऱ्यांच्या तुकडीची माहिती काढते. दुसऱ्या दिवशी मुलगा तोच मोबाइल उघडतो आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगणारी जाहिरात त्याच्यापुढे येते. घरात अजून कोणी त्याच्याशी त्या विषयी बोललेले नसते. कायद्याने यात काही वावगे झाले असे कदाचित म्हणता येणार नाही. तरी आमची वर्गचालक बंधूंस आग्रहाची विनंती आहे की, त्या विशिष्ट पानावर येऊन गेलेल्यांची वेगळी यादी करूच नये. त्या पानावर दूरध्वनी क्रमांक ठळक द्यावा. ज्यास हवे ते फोन करतील.

जाहिरातीत काय लिहावे, यासंबंधी आता सरकारनेही बरेच सांगून ठेविले आहे. शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांकडे जी मार्गदर्शक तत्त्वे पाठविली, त्यांत सोळा वर्षांखालील मुलांस प्रवेश देऊ नये आणि क्रमांकाची वा गुणांची हमी देऊ नये, असे म्हटले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये खास शिकवणी क्षेत्रासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. यशस्वी विद्यार्थ्याचे छायाचित्र वापरावयाचे तर त्याच्या यशानंतर त्याची लेखी संमती हवी. त्याने कोणता अभ्यासक्रम घेतला होता, किती काळाचा, आणि तो सशुल्क होता की कसे, हे सांगितले पाहिजे. आणि खुलाशाची अक्षरे दाव्याच्या अक्षरांइतकीच मोठी हवीत. केवळ मुलाखतीच्या तयारीस चार दिवस येऊन गेलेला मुलगा आपलाच म्हणून मिरविण्याची सोय यामुळे संपली. ‘शेवटच्या तीन जागा’ ही हाक जागा खरोखर तीन असतील तरच घालावी. खोटी घाई आणि सततची भुणभुण या दोन्हींचा समावेश त्याच प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांत केला आहे. पालक दुसऱ्यांदा येतो तो आधी न मिळालेले उत्तर शोधावयास: शुल्क किती, हप्ते किती, तुकडीत मुले किती, शिकविणार कोण, आणि मध्येच सोडले तर पैसे परत मिळतील काय. मागाहून दाखवावयाच्या जाहिरातीत हीच उत्तरे द्यावीत.

आता ज्या कारणास्तव आम्ही समितीची आज्ञा विशेष आनंदाने मान्य केली, त्याकडे वळतो. वर सांगितलेल्या पद्धतीत निदान पालक आपल्या पायांनी दारात आलेला असतो. परंतु जाहिरातीच्या याच यंत्रणेत दुसरे एक दार आहे. वर्गचालकाने आपल्याजवळील दूरध्वनी क्रमांकांची यादी चढविली, तर मेटा त्या क्रमांकांची खाती शोधून त्यांनाच जाहिरात दाखविते. आपल्या मंडळाच्या कुटुंबसूचीत ज्ञातीतील घरोघरचे क्रमांक आहेत. ती सूची वर्गाच्या जाहिरातीसाठी मिळावी अशी विचारणा काही सभासदांकडून झालेली आहे, आणि ती विचारणा करणारे आमचे स्नेहीच आहेत.

त्यांचे म्हणणे असे की, क्रमांकांचे आधी सांकेतिक अक्षरमालेत रूपांतर होते, तेव्हा कोणाचे गुपित फुटत नाही. हे रूपांतर होते, हे खरे. परंतु ते जुळविण्यासाठीच केलेले असते, आणि जुळले म्हणजे माणूस सापडतोच. प्रश्न गुपिताचा नसून दिलेल्या शब्दाचा आहे. सभासदांनी आपले क्रमांक कशासाठी दिले? वधूवर नोंदणीसाठी, निधनवार्ता कळावी म्हणून, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी. शिष्यवृत्तीच्या अर्जावर तर मुलाचे गुण आणि बापाचे उत्पन्नही असते. कमी गुणांची घरे निवडून त्यांना वर्गाची जाहिरात दाखविणे हे एका दुपारचे काम आहे. मेटाच्या स्वतःच्या अटींतही, यादी चढविणाऱ्यास तसा अधिकार असला पाहिजे, असे कलम आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला; त्यानुसार माहिती ज्या कामासाठी संमती घेऊन मिळविली त्याच कामी वापरावयाची, आणि अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांस उद्देशून जाहिरात करावयाची नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य बंधनांच्या पूर्ततेसाठी अठरा महिन्यांची मुदत देण्यात आली. आपल्या मंडळाने मात्र त्या मुदतीचा आधार घेऊ नये.

यावर कोणी म्हणेल की, ज्ञातिबंधूच्या धंद्यास ज्ञातीने हात द्यावयाचा नाही तर कोणी द्यावयाचा? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आम्ही नुसता नकार सुचवीत नाही. उद्या सकाळच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही एक सूचना ठेविली आहे. तिच्यात तीन गोष्टी आहेत. कुटुंबसूची आणि शिष्यवृत्तीचे अर्ज कोणत्याही जाहिरातीसाठी कोणासही, पदाधिकाऱ्यांसही, देऊ नयेत. पुढील वर्षीच्या नोंदणीपत्रकावर ‘ज्ञातिबंधूंच्या व्यवसायांची माहिती आमच्या क्रमांकावर आल्यास हरकत नाही’ असा एक निराळा चौकोन ठेवावा, आणि ज्यांनी त्यात खूण केली त्यांनाच मंडळाच्या कचेरीतून, वर्षातून एकदा, सर्व वर्गांची एकत्र माहिती पाठवावी. आणि स्मरणिकेत ज्ञातीतील शिकवणी वर्गांसाठी चार पाने राखून ठेवावीत. दर सर्वांस एकच असावा, आणि प्रत्येकाने शुल्क, तुकडीतील संख्या व पैसे परत करण्याचा नियम छापलाच पाहिजे अशी अट असावी.

सूचनेची प्रत चिटणिसांच्या टेबलावर आहे. दुरुस्त्या आज रात्री भोजनापूर्वी त्यांच्याकडे लेखी द्याव्यात, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.