‘नक्की सांगता येत नाही’ म्हणजे काय?



मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. तरी आज एका कागदाविषयी चार शब्द बोलणार आहे. तो हाती आला, की आपल्यातली एक रडत बसते आणि दुसरी तो साड्यांखाली सारून देते. दोन्ही सारखेच वाईट.

गर्भाशयाच्या मुखाच्या पेशी काढून तपासतात, त्याला पॅप चाचणी म्हणतात. कधी अहवालात ‘ए. एस. सी.-यू. एस.’ अशी अक्षरे येतात. अर्थ एवढाच, की काही पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत. पण कशामुळे, ते नक्की सांगता येत नाही. हे कर्करोगाचे निदान नव्हे. साधी सूज, पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा यांनीही पेशी अशा दिसतात. मात्र कधी कधी खरा बिघाडही दडलेला असतो.

तांदूळ निवडताना एखादा दाणा खडा वाटतो. तेवढ्यावरून आपण पोते फेकून देत नाही, आणि तसाच भातही शिजायला टाकत नाही. दाणा बोटांत धरून पाहतो. इथेही तसेच करायचे.

एच. पी. व्ही. नावाच्या विषाणूच्या काही जातींमुळे जवळजवळ सगळे असे कर्करोग होतात. म्हणून त्या विषाणूची चाचणी करतात. तो नसेल तर घोर लावून घेऊ नये. पुढची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करावी. असेल तर दुर्बिणीतून पाहतात आणि लागल्यास बारीकसा तुकडा काढून तपासतात. ही चाचणी जमण्यासारखी नसेल तर वर्षाने पॅप पुन्हा करतात. पण कागदावर ‘ए. एस. सी.-एच.’ असेल तर वर्षभर थांबायचे नाही, दुर्बिणीची तपासणी लगेच करून घ्यायची.

तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत १९९९ पासून आपल्या परळच्या टाटा रुग्णालयाने आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. २००९ साली निकाल छापून आला. ज्या गटाला विषाणूची चाचणी एकदाच देऊ केली, त्यात या रोगाचे मृत्यू नुसत्या ठेवलेल्या गटाच्या जवळजवळ निम्मे होते. शेतात राबणाऱ्या बायका तपासणीला गेल्या. मग आपण गिरगावकरणींनी का लाजावे?

पेशी बिघडून कर्करोग व्हायला बहुधा कित्येक वर्षे लागतात. म्हणून घाबरू नका, पण सांगितलेली तारीखही चुकवू नका. पाळी गेल्यावर किंवा संबंधानंतर रक्त गेले, तर कागद काहीही म्हणो, ताबडतोब दाखवा.

एकटीने जायचा धीर होत नसेल, तर मला हाक मारा. मी बरोबर येईन.